काही उमटलं नाही

आई नाकावर माशी बसू देणारी बाई नव्हती, आणि त्या वर्षी तिची सगळी शेड माश्यांनी भरली होती.

घरात फिरतात त्या माश्या नव्हेत. रेशमाच्या अळीवर येणारी ही उझी माशी वेगळी, राखी रंगाची, पाठीवर काळे पट्टे असलेली. ती अळीच्या अंगावर अंडं घालते. त्यातून निघालेला किडा अळीत शिरून तिला आतून खातो आणि वरून कातडीवर एक काळा ठिपका तेवढा दिसतो. ठिपका दिसला की ती अळी गेली. ती पाला खाते, अंग धरते, कधी कोष विणायलाही घेते. पण गेली ती गेलीच. उन्हाळा लांबला होता. वारा पडला होता. तुतीचा पाला दुपार व्हायच्या आत माना टाकत होता, आणि माशीला मात्र हे सगळं चांगलं मानवलं होतं. मागची बॅच निम्मी तिनेच खाल्ली. ही पण गेली तर शेड बंद आणि दादाने दुसऱ्याच्या कामावर जायचं, असं आईने सांगून टाकलं होतं. त्या घरात आई सांगून टाकायची. चर्चा वगैरे प्रकार तिथे नव्हता.

माणसं चार. आई, तिचा मुलगा, ज्याला घरी-बाहेर सगळे दादाच म्हणत, त्याची बायको, म्हणजे वहिनी, आणि धाकटी, जी सकाळी पाल्याचे भारे आणून, हातांचा चीक घासून काढून मग सायकलवर कॉलेजला जायची. बाप केव्हाच गेला होता. दादा तोंडातून शब्द खिशातून पैसा काढावा तसा काढायचा. तो फांद्या छाटायचा, फवारणी करायचा, जाळीची भोकं शिवायचा, आणि काही विचारलं तर म्हणायचा, "बघू."

हिवाळ्यात वहिनीला मुलगा झाला तो मेलेलाच. त्याच्या आधीचाही मुलगाच होता. तो थोडा रडला, थोडं दूध प्यायला आणि नाव ठेवायच्या आत गेला. दोन्ही वेळा वहिनीला कुणी वाकडं बोललं नाही. सरळही बोललं नाही. या वेळी ती छातीवर फडकं आवळून बांधून लवकरच शेडमध्ये आली आणि पाला चिरायला बसली. दूध आटेपर्यंत ते फडकं रोज ओलं व्हायचं. ती ते धुवून मागच्या दोरीवर बाकीच्या कपड्यांच्या आड वाळत घालायची. धाकटीला ते दिसायचं. काय बोलावं हे कळायचं नाही म्हणून ती कॉलेजातल्या गोष्टी सांगत सुटायची. वहिनी हूं हूं करायची. विळ्यावर तिचा हात एका लयीत चालायचा आणि चेहरा कुठेतरी दुसरीकडे असायचा.

शेडमध्ये पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, असं आलेले पाहुणे कौतुकाने म्हणतात. घरच्यांना तो खाण्याचाच आवाज वाटतो. अळ्या खात सुटल्या की माणसाला बसायला सवड नाही. पाला आणा, चिरा, पसरा, खालच्या लेंड्या काढा, चुना भुरभुरा, पुन्हा पाला आणा. चुन्याने बोटं फाटतात. फाटलेल्या बोटात चीक गेला की झोंबतं. आठवण काढत बसायला तिथे जागा नव्हती, आणि वहिनीला ते सोयीचं होतं.

धाकटीच्या मॅडमनी त्या सत्रात एक काम काढलं होतं. रानातून, परसातून, जिथे मिळतील तिथून किडे धरून आणायचे आणि त्यांच्या अंगात एक जंतू आहे का ते डीएनएवरून तपासायचं. हा जंतू किड्यांच्या पेशींत बिऱ्हाड करतो. बहुतेकदा त्यांना आजारी पाडत नाही, फक्त राहतो आणि पुढच्या पिढीत जातो. वर्गातली मुलं जाळी घेऊन कुंपणं हिंडू लागली. धाकटी म्हणाली, "मी आमच्या शेडमधल्या माश्या आणते."

"घरबसल्या शिकार," तिच्या बाकावरची चष्मिस म्हणाली. "आमच्या घरी साधं झुरळ मिळेना, आई इतकी साफ."

धाकटी स्पिरिट भरलेल्या छोट्या नळ्या घरी घेऊन आली. दुपारी माश्या खिडकीच्या जाळीवर बसत. वहिनी चिमटीत एकेक अलगद धरून नळीत टाकायची. झाकण लावून क्षणभर बघायची आणि नळी खिडकीत उभी करून ठेवायची.

मॅडम त्या आठवड्यात दोनदा म्हणाल्या की या माश्या छान आहेत. घरी कुणालाच त्या छान वाटत नव्हत्या. तरी धाकटीला बरं वाटलं. त्या बऱ्या वाटण्यातच सगळी माशी शिंकली.

"सापडला!" संध्याकाळी ताटावर बसता बसता ती म्हणाली. "आपल्या माश्यांमध्ये जंतू सापडला. जवळजवळ सगळ्यांमध्ये."

"मग मरतील का मेल्या?" आईने विचारलं.

"त्याने नाही मरत ग. तो त्यांच्यातच राहतो. आणि आईकडून पिल्लांत जातो, अंड्यातूनच. बापाकडून जातच नाही."

"बापाकडून नाही?"

"अजिबात नाही. म्हणून त्याला नर नकोच असतात. काही किड्यांमध्ये तर तो नर अंड्यातच मारून टाकतो. माद्या तेवढ्या जगतात."

उचलली जीभ लावली टाळ्याला. शब्द बाहेर पडले तेव्हा तिला काही वाटलं नाही. ताटावर कुणी काही बोलेना तेव्हा वाटलं.

"म्हणजे आई धडधाकट," आई सावकाश म्हणाली. "खाते, पिते, काम करते. आणि पोरगे तेवढे मरतात."

"किड्यांमध्ये," धाकटी म्हणाली.

"किड्यांमध्येच म्हणतेय मी."

दादाने पाणी मागितलं. तांब्या त्याच्या हाताशीच होता. वहिनीने उठून त्याला पाणी दिलं, पुन्हा ताटावर बसली आणि उरलेलं सगळं जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पाल्याची पाटी घेऊन अळ्यांच्या रॅककडे निघाली तेव्हा आईने ती तिच्या हातातून घेतली.

"तू खालचं काढ," आई म्हणाली. "पाला मी घालते."

खालचं म्हणजे लेंड्या आणि मेलेल्या अळ्या. वहिनीने खोरं घेतलं. त्या दिवसापासून पाला तिच्याकडे आला नाही, चुन्याची चाळणी आली नाही, ठिपक्याची अळी वेचायचं कामही आलं नाही. आई तिच्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. आई भांडत नव्हती. वहिनीचा हात लागलेला टॉवेल तेवढा वेगळ्या खिळ्याला टांगत होती.

मग शिवणवाली आली. ही शेजारीण लोकांचे कपडे शिवायची आणि लोकांच्या गोष्टी उसवायची. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. ब्लाउजचं माप द्यायचं निमित्त करून ती दारात टेकली आणि वहिनीकडे बघत आईला म्हणाली, "कॉलेजात निघालं म्हणे काहीतरी? आईच्या अंगातच असतं म्हणे. बिचारी. तिला तरी काय माहीत."

धाकटी आतून तावातावाने बाहेर आली. "मावशी, ते माश्यांचं आहे!"

"अग, मी कुठं नाही म्हणतेय?" शिवणवाली म्हणाली आणि जिभेने चक् केलं.

ती गेल्यावर धाकटी आईला म्हणाली, "आई, माणसात नसतो तो जंतू."

"तू माणसं तपासलीस?"

"नाही."

"मग?"

"मॅडम सांगतात ना."

"मॅडमला पोरंबाळं?"

"एक मुलगी आहे."

"बघ," आई म्हणाली आणि विळा चालू केला.

धाकटीला रडू आलं ते रागाचं. आईला कधी नव्हे ते मुलीचं शिक्षण पटलं होतं, आणि पटायला नेमकं हेच सापडलं होतं.

त्याच आठवड्यात जेवण झाल्यावर आई दादाला म्हणाली, "कोष उतरले की तिला तिच्या आईकडे सोडून ये."

"बघू."

"बघू नको. सोडून ये. कामाला बाई लावता येते."

वहिनी मोरीत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला नाही. दादा उठला आणि जाळी शिवायला गेला. जाळीला त्या दिवशी एकही भोक नव्हतं.

अळ्यांनी शेवटची कात टाकली आणि त्या खादाडासारख्या खायला लागल्या. ठिपके या वेळी कमी होते. दादाने दाराला दुहेरी जाळी लावली होती, तिचा गुण असावा. आई मात्र पाला घालणारा हात बदलला म्हणून, असं धरून चालली होती. तसं ती बोलली नाही. रोज सकाळी रॅकपाशी उभी राहून ठिपके शोधायची, सापडले नाहीत की वहिनीकडे एकदा बघायची, बस्स.

धाकटी मागे हौदावर हात धूत होती तेव्हा वहिनी येऊन शेजारी उभी राहिली.

"तुमच्या त्या यंत्रात माशीच जाते का?" तिने विचारलं. "माणसाचं काही जात नाही?"

"वहिनी, खरंच सांगते, माणसात तो नसतो. जगातल्या कुठल्याच माणसात नाही. मी उगाच बोलले त्या दिवशी."

"तू नको सांगूस. तू माझी आहेस, तू असंच सांगणार. यंत्राला सांगू दे."

"ते यंत्र त्यासाठी नाहीये ग."

"रक्त देऊ?"

"नको, नको!"

"मग नख घे. तुम्ही अख्खी माशी ठेचता, नख ठेचायला काय जातंय?" वहिनीने कमरेला खोचलेल्या कागदातून ब्लेड काढलं. ती तयारीनेच आली होती. हौदाच्या काठावर हात ठेवून तिने एकेक नख कापलं. नखं आधीच खुरटी होती, कापायला फार काही नव्हतं. अंगठ्याला ब्लेड लागलं. ते बोट तिने तोंडात घातलं, दुसऱ्या हाताने नखं गोळा केली आणि खिडकीतल्या नळ्यांपैकी एक उघडून तीत टाकली. झाकण नीट बसलं का ते तिने पुन्हा दाबून बघितलं.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली.

प्रयोगशाळेत माश्यांचं पोट कापून बारीक नळीत घालायचं, प्लास्टिकच्या काडीने ठेचायचं, वरून द्रावण घालायचं, नळी गरम पाण्यात धरायची, मग फिरकीच्या यंत्रात फिरवायची. वरचं निवळ तेवढं उचलून दुसऱ्या यंत्रात ठेवायचं. ते यंत्र तापतं, निवतं, तापतं, निवतं, आणि असलेल्या डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या ढीगभर नकला काढतं. शेवटी पारदर्शक जेलच्या वडीला खाचा असतात, त्यांत एकेक थेंब भरून वीज सोडायची आणि निळ्या दिव्याखाली बघायचं.

तिथे पट्ट्या उमटतात. वरची पट्टी किड्याची स्वतःची. ती आली की समजायचं, हात नीट चालले, काम झालं. खालची जंतूची. दोन्ही आल्या तर 'आहे'. वरची एकटी आली तर 'नाही'. आणि एकही आली नाही, तर 'निकाल नाही'. 'नाही' आणि 'निकाल नाही' यात कुणी गल्लत केली की एरवी शांत असणाऱ्या मॅडमचा आवाज चढायचा. न दिसणं आणि नसणं एक नव्हे, असं त्या फळ्यावर हात आपटून सांगायच्या.

धाकटीने नखं ठेचली. ती ठेचली जाईनात. माशी काडीखाली लगेच मऊ होते. नखं नळीच्या तळाशी करकर वाजत राहिली. तिने जोर लावला, काडी वाकली.

"काय दळतेयस?" चष्मिसने विचारलं.

"भुंगेरा आहे," धाकटी म्हणाली. "कवच कडक आहे."

मॅडमना ती खोटं सांगू शकली नाही. जेल दिव्याखाली गेली तेव्हा त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. माश्यांच्या रांगांत दोनदोन पट्ट्या ठळक उमटल्या होत्या. दरवेळी एका खाचेत मुद्दाम नुसतं पाणी भरत, कुठे भेसळ तर नाही हे कळावं म्हणून. वहिनीची रांग पाण्याच्या शेजारी होती. दोन्ही सारख्याच काळ्या होत्या, एकही पट्टी नाही.

"हा कुठला किडा?" मॅडमनी विचारलं.

"किडा नाही, मॅडम. घरचं आहे." आणि मग तिने हळू आवाजात सगळं सांगितलं.

मॅडम जेलकडे बघत राहिल्या. "हे तुला माहीत आहे ना काय आहे ते?"

"निकाल नाही."

"निकाल नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "ही तपासणी किड्यांसाठी बेतलेली. त्यातून असं नखांचं काहीच कळत नाही. मी येऊ का घरी? नीट समजावून सांगते."

धाकटीने नको म्हणून मान हलवली. मॅडम आल्या असत्या तर आईने त्यांना चहा दिला असता, पदराने वारा घातला असता, हो हो म्हणाली असती, आणि त्यांची पाठ वळल्यावर टॉवेल त्याच खिळ्याला टांगला असता. धाकटी आपल्या आईला ओळखून होती. तिने फोनवर जेलचा फोटो काढला.

घरी पोहोचली तेव्हा तिघंही शेडमध्ये होती. अळ्या पिकल्या होत्या, अंगं पिवळसर पारदर्शक झाली होती. त्या वेचून कोष विणायच्या जाळ्यांवर सोडायचं काम एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. आई आणि दादा अळ्या सोडत होते. वहिनी खाली बसून उरलेला कचरा पाटीत भरत होती. धाकटीने सायकल कुंपणाला टेकवली आणि दप्तरासकट आत आली.

"आई, मी वहिनीचं तपासलं," ती म्हणाली. "यंत्रात घालून."

आईचा हात जाळीवर थांबला. वहिनीने वर पाहिलं नाही.

धाकटीने फोन पुढे धरला. "या माश्या. या दोन रेषा दिसतात ना, ती खालची जंतूची. आणि ही वहिनी."

आईने फोन हातात घेतला नाही, मान पुढे काढून बघितलं. खूप वेळ बघितलं. "इथं तर काहीच नाही."

"काही उमटलं नाही," धाकटी म्हणाली.

हे खरं होतं. शब्दन्‌शब्द खरा होता. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं तिने एकही खोटा शब्द न वापरता सांगितलं. आत सगळं लाकडासारखं झालं होतं.

"एकही रेघ नाही," आई म्हणाली.

"एकही नाही."

आईने हातातली अळी जाळीवर सोडली. दुसरी उचलली, तीही सोडली. मग वळून न बघता म्हणाली, "मग राहू दे तिला. जायला नको. उद्यापासून पाला तूच घाल ग."

आईच्या तोंडून याहून जास्त काही निघणं शक्य नव्हतं. तिच्या मानाने ते लोटांगणच होतं. दादाने इतक्या मोठ्याने श्वास सोडला की तो सगळ्यांना ऐकू आला. धाकटीला वाटलं, झालं. जिंकलो.

वहिनी उठली. गुडघ्यांवरची धूळ तिने झटकली. "मी जाते," ती म्हणाली.

"कुठं?" आई म्हणाली.

"माझ्या आईकडे. तुम्ही म्हणत होतात ना."

"ते तेव्हा. आता तुझ्यात काही निघालं नाही म्हणतेय ना ही."

"म्हणूनच जाते." वहिनीचा आवाज सपाट होता, भाजी कुठली करू हे विचारावं तसा. "तो ठपका घेऊन गेले असते तर तिकडंही तो माझ्या ताटात येऊन बसला असता. आता नाही. इथं राहिले तर तुम्ही सगळी पुढच्याची वाट बघाल. मला आता कुणाची वाट बघायची नाही. दोघांची बघितली."

बहुतेक अळ्या खायच्या थांबल्या होत्या, त्यामुळे शेडमध्ये आवाजच नव्हता. वहिनीने पाटी उचलली, बाहेर नेऊन ओतली, पाटी धुतली, उपडी घातली आणि घरात गेली.

सकाळी दादाने तिची पिशवी मोटारसायकलला बांधली. दोरी दोनदा सोडून पुन्हा बांधली. "मी येऊ का न्यायला?" त्याने विचारलं. धाकटीने त्याच्या तोंडून इतकं लांब वाक्य बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"कोष उतरवून घे आधी," वहिनी म्हणाली.

धाकटी फाटकापर्यंत गेली. खरं सांगायचं तर आताच, असं तिने मनाशी ठरवलं होतं. "वहिनी, ते यंत्रातलं..."

"ऐकलं मी," वहिनी म्हणाली. "काही उमटलं नाही." आणि हिवाळ्यानंतर पहिल्यांदा ती थोडी हसली, अगदी थोडी. मग मागे बसली. दादाने गाडी चालू केली. धाकटीच्या तोंडात ते वाक्य तसंच राहिलं आणि गाडी वळणाआड गेली.

कॉलेजला जायचं नव्हतंच. उशिरा पिकणाऱ्या थोड्या अळ्या अजून खात होत्या. धाकटी पाल्याची पाटी घेऊन शेडमध्ये गेली तेव्हा आई रॅकपाशी उभी होती. ती काम करत नव्हती. आईला काम न करता उभी राहिलेली पाहायची धाकटीला सवय नव्हती.

"तिच्याकडून नाही गेलं म्हणतेस," आई म्हणाली.

"नाही."

"पण आईकडूनच जातं."

"किड्यांमध्ये, आई."

"दादाची आई मीच."

धाकटीला आधी समजलं नाही. "बापाकडून जात नाही, आई. मी सांगितलं होतं ना."

आईने ते ऐकलंच नाही. "दादा आणि तू, तुमच्या मधे एक होता," ती म्हणाली. "मुलगाच होता. तुला कुणी सांगितलं नाही."

तिने हात पुढे केला. बोटं फाटलेली होती, नखांत चुना भरला होता.

"बघ की," ती म्हणाली. "माझंही एकदा घालून बघ."

धाकटीने पाटी खाली ठेवली आणि पाला पसरायला घेतला. एक ओंजळ, दुसरी ओंजळ. अळ्या पाल्यावर चढल्या आणि खायला लागल्या. आईचा हात तसाच पुढे होता.